थेंबभर तेल

४ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्यातली बाई म्हाताऱ्याचा रक्तदाब बघायला येते. ती म्हणाली, "आजी, रोज चार ओळी लिहीत जा. आजोबांनी काय खाल्लं, झोप लागली का, पोट साफ झालं का." लेकीनं लगेच वही आणून दिली, जणू मी कधीची पेन धरूनच बसले होते. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते कापडावर, खडूनं. छाती, कंबर, बाही.

तर लिहिते. दुधात भिजवलेला पाव खाल्ला. झोप लागली. पोट साफ.

झालं. पण पान उरलंय आणि उरलेलं मला टाकवत नाही. कापड उरलं तर मी त्याची पिशवी शिवते.

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते, वहीत म्हातारा म्हणणार. वाचायला उठून आला तर माझी काही हरकत नाही.

थंडीच्या आधी झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बोलता येईना, पण डोळे वटारता यायचे, म्हणजे संसार चालू होता. जानेवारीत एकदा काय झालं कोण जाणे, नुसता झोपूनच राहिला. जागा झाला तो असा ढिम्म. वटारणंही बंद. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या हलतात म्हणाला, एक गोळी वाढवली आणि गेला. मी म्हटलं, रुसलाय. जन्मभर कमी का रुसला?

६ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "आई, बाबांची गाडी लावू या का त्यांच्या खोलीत? नुसते छताकडे बघत पडलेले असतात."

गाडी म्हणजे खेळण्यातली. नोकरी सुटल्यावर यानं मागच्या खोलीत मांडली. माणसं म्हातारपणी देवाकडे वळतात, हा रुळांकडे वळला. काळं इंजिन, मागे डबे, विजेवर चालतं, खटका फिरवला की पळतं. दर रविवारी याचा गिरणीतला दोस्त यायचा आणि दोघे बाप्ये दार लोटून घेऊन आगगाडी आगगाडी खेळायचे. मी त्या खोलीत केर काढण्यापुरती जायची.

आज माझं कापड बेतायचं टेबल त्याच्या पलंगाला लावलं. दवाखान्याचा पलंग, पायाशी दांडा फिरवला की उंच होतो, तो टेबलाच्या बरोबरीला आणला. लेकीनं गोल रूळ जोडले, खटका फिरवला. इंजिन निघालं आणि असं कुरकुरलं की माझे दात आंबले. कुईं, कुईं, कुईं. थंडीभर पडून होतं ना.

म्हाताऱ्याची मान वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गाडी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेली की मान तिकडे, वळून आली की इकडे. आणि अगदी उशीपाशी आली की डाव्या हाताचं बोट वर. दर फेरीला बोट वर.

लेक रडायलाच लागली. "बाबा खूश झाले गं."

"खूश कसले! तक्रार करताहेत."

याला मी ओळखते. सूतगिरणीत तेलवाला होता. हातात लांब चोचीची तेलाची बुधली, दिवसभर मशीनांमधून फिरायचं, जिथे कुरकुर तिथे थेंब. घरीही तेच. दार वाजलं, तेल. पाळणा वाजला, तेल. माझी आई राहायला आली तर तिच्या चपला वाजतात म्हणून चपलांना तेल. सासूला घसरवून पाडणारा जावई मी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसाच्या कानाशी हे इंजिन कुईं कुईं करत फिरणार. बोट दाखवेल नाहीतर काय करेल? इथे वाजतंय, इथे बघ, म्हणतोय.

बघते.

८ फेब्रुवारी

सकाळी पाव, दुपारी सूप. पण याचे नखरे वाढलेत. पेला तोंडासमोर धरला तरी तोंड उघडत नाही. चमचा पेल्यावर वाजवला की लगेच उघडतो. राजेसाहेब आहेत, घंटा झाल्याशिवाय जेवत नाहीत.

संध्याकाळी दिवा लावायचा राहिला माझ्याकडून. मला वाटलं, आता हूं हूं करेल. काही नाही. अंधारात तसाच शांत. म्हटलं, बरंय, एवढं तरी ऐकून घ्यायला शिकला.

मी समोर बसून शिवते तर माझ्याकडे ढुंकून बघत नाही. तरुण होते तेव्हा बघितलं नाही, आता काय बघणार डोंबल.

गाडी लावली की मात्र मान वळते. तेवढंच एक आहे. आणि ते बोट. दिवसातून किती वेळा सांगशील बाबा, कळलं मला.

१० फेब्रुवारी, रविवार

गार्ड आला. हा गार्ड कसला, म्हाताऱ्याचा तोच दोस्त, गिरणीत सूत कातायच्या खात्यात होता, तिथल्या धडधडीत कान घालवून आला. पण खेळात म्हातारा ड्रायव्हर आणि हा गार्ड, म्हणून गार्ड. गळ्यात शिट्टीसुद्धा घालतो, लाज नाही. कानात घालायचं यंत्र आहे त्याच्याकडे, ते खिशात असतं. कानात घातलं की स्वतःच शिट्ट्या मारतं म्हणे. समोरच्याचे ओठ बघून भागवतो. त्यामुळे याच्याशी बोलायचं तर तोंडासमोर तोंड आणून बोलावं लागतं. पाठ फिरवून चार शब्द सुनावायची माझी सवय, याच्यापुढे फुकट जाते.

म्हटलं, "भाऊजी, इंजिन कुरकुरतंय."

"काय करतंय?"

"कुर-कुर-तंय!"

"असं?" इंजिनाकडे बघत म्हणाला, "मला तर बरं वाटतंय."

"तुम्हाला तोफ सुटली तरी बरंच वाटेल."

हसला. मग नीट सांगितलं. बोलायला लागला की मात्र गडी शहाणा. म्हणाला, "वहिनी, एकदम पोट फाडायचं नाही. आधी रूळ पुसा. मग इंजिन उलटं करा, उशीवर ठेवा, दोन वायरी चाकांना लावा. कुरकुर थांबली तर दोष रुळात. नाही थांबली तर दोष इंजिनात. मग चाकं बघा, दातेरी चक्रांचे दाते बघा, शेवटी मोटर. आणि तेल थेंबभर. थेंब म्हणजे थेंब, वहिनी."

"तुम्हीच का नाही करत?"

"करेन की. पण थांबली का नाही ते मला कसं कळणार?"

तेही खरंच. त्याला कान नाहीत आणि मला अक्कल नाही, दोघे मिळून एक मिस्त्री.

म्हातारा ऐकत होता. गार्डचा आवाज आला की याची मान त्याच्याकडे. माझ्याकडे नाही.

११ फेब्रुवारी

रूळ स्पिरिटनं पुसले. फडकं काळं झालं. कुईं तशीच.

इंजिन उलटं करून उशीवर ठेवलं, म्हाताऱ्याच्याच. झुरळासारखं दिसतं उलटं केल्यावर. वायरी लावल्या. चाकं हवेत फिरायला लागली आणि कुईं. म्हणजे रुळांचा गुन्हा नाही. म्हाताऱ्यानं मान वळवली, बोट उचललं, मग हात पुढे करून चाचपडला. माझ्या मनगटाला लागला आणि तिथेच राहिला.

म्हटलं, "अहो, हात काढा, बोट जाईल चाकात."

काढेना. मीच उचलून पांघरुणात ठेवला.

चाकांच्या दांड्याला दोरे गुंडाळलेले सापडले. माझेच, टेबलावरचे. टाक्यांचे पांढरे, काजाचे काळे. चिमट्यानं ओढून काढले. वाटलं हेच असणार. लावलं तर कुईं.

१२ फेब्रुवारी

आज शिवणयंत्राचं तेल घातलं. गार्डनं थेंब सांगितला होता. मी म्हटलं, थेंबानं काय होतंय, तहानलेल्याला पेलाभर द्यावं. चाकं, दांडे, दाते, सगळीकडे घातलं.

आता इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं, पुढे जात नाही. रूळ तेलकट, टेबल तेलकट, माझा बेतून ठेवलेला झगा तेलकट. अति तिथे माती. आणि कुरकुर आहेच, उलट आता गाडी उभी राहून कुरकुरते, सासुरवाशिणीसारखी.

दिवस पुसण्यात गेला. म्हाताऱ्याचं सूप गार झालं. चमचा वाजवला तेव्हा प्यायला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं!

लिहिते सविस्तर. लग्न झालं तेव्हा माझं शिवणयंत्र असंच वाजायचं. यानं मला शिकवलं होतं, स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लाव आणि मूठ कानाला, मशीन बोलते. मी म्हटलं होतं, मशीनशी बोलण्यापेक्षा बायकोशी बोला. पण शिकले होते.

आज इंजिनाचं टोपण काढलं, उलटं करून चालवलं आणि स्क्रूड्रायव्हर लावला. पुढच्या चाकांना, काही नाही. दात्यांना, घरघर, पण ती कामाची घरघर. मोटरच्या पुढच्या टोकाला, काही नाही. मागच्या टोकाला लावला आणि कानात सुई गेली. एवढंसं पितळेचं बूच आहे, त्यात मोटरचा दांडा फिरतो. तिथे कोरडं ठणठणीत.

सुईच्या टोकावर तेल घेतलं. थेंब म्हणजे थेंब. टेकवलं.

कुईं... कुई... आणि बंद. अशी बंद झाली की खोलीत घड्याळ ऐकू यायला लागलं.

टोपण लावलं, रुळावर ठेवलं. गाडी फिरते आहे आणि मांजर चालतंय असं वाटतंय. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "घ्या. गिरणीत लावा मला कामाला."

बोट उचललं नाही. म्हणजे तक्रार मिटली. मानही इकडेतिकडे केली नाही, शांत पडून होता. किती दिवसांनी निवांत पडला बिचारा.

नातीचा फोन आला होता, "आजी, आजोबांची गाडी बरी झाली का?" म्हटलं, "झाली. आजीनं केली."

१६ फेब्रुवारी

दिवसभर गाडी लावून ठेवली होती. आवाज नाही. बोट नाही. दूधपाव थोडा खाल्ला.

१९ फेब्रुवारी

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. भिंतीकडे तोंड करून पडतो. मी याच्यासाठी तेलात हात बुडवले, डोळे फोडून घेतले, गाडी डोळ्यांसमोरून जाते आहे आणि हा भिंत बघतो. मान धरून इकडे केली तर परत तिकडे.

म्हटलं, "अहो, ती बघा गाडी." बघत नाही.

म्हटलं, "मग वाजत होती तेव्हा कसं बघत होतात?"

चमचा वाजवला तरी तोंड उघडेना. दोन घोट घेतले, बाकीचे गळ्यावरून खाली. मी रागानं पेला आपटला. तेव्हा दचकला. नंतर मलाच कसंतरी झालं, पण सांगायचं कुणाला.

२१ फेब्रुवारी

लेक आली. बापाशेजारी बसली, हात हातात घेऊन. मग मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणते, "आई, बाबा थकलेत गं. आपण आता..."

"आपण आता काय?"

"काही नाही."

"काही नाही तर भांडी घास."

घासली. मला डोळ्यांत तेल घालून याला जपायचं आहे, मला रडणारी माणसं घरात नकोत.

सूप अर्धी वाटी. तेही नाही खरंतर.

२४ फेब्रुवारी, रविवार

गार्ड आला. गेल्या रविवारी आला नव्हता. मी आधीच तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं, "कुरकुर गेली. माझ्या हातानं गेली." त्यानं टाळी वाजवली. मग म्हाताऱ्याकडे बघितलं आणि हसणं मावळलं. खुर्ची ओढून समोर बसला.

मी गाडी लावली. गार्ड गाडीकडे बघतच नव्हता, म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. ओठ वाचणारा माणूस, त्याला तोंडं बघायची सवय. बराच वेळ बघितलं. मग हात त्याच्या डोळ्यांसमोर नेला आणि हलवला. पापणीसुद्धा हलली नाही.

मी म्हटलं, "झोपेत आहेत."

"नाही." गार्डनं चुटकी वाजवली. म्हाताऱ्याची मान लगेच वळली. चुटकीकडे. परत हात हलवला, नुसता. काही नाही. पलीकडे जाऊन चुटकी, मान तिकडे.

गार्ड माझ्याकडे वळला. म्हणाला, "वहिनी, मला ऐकू येत नाही म्हणून मी बघतो. याला दिसत नाही म्हणून हा ऐकतो."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नका. म्हटलं, डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलंय. पण बोलता बोलताच मला चमचा आठवला. पेला आठवला. अंधारात शांत पडलेला आठवला. समोर बसून शिवणारी मी, आणि चाचपडत माझ्या मनगटाला लागलेला त्याचा हात.

आणि कुईं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याला गाडी दिसत नव्हती, ऐकू येत होती. ती मी बंद केली. वर गिरणीत लावा म्हणाले.

"मग ते बोट?" मी विचारलं. "उशीपाशी आली की बोट वर करायचे ते?"

गार्ड म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही? आमचं ठरलेलं होतं. ड्रायव्हरनं बोट वर केलं म्हणजे स्टेशन आलं. गाडी थांबवायची. मग तो इंजिनावर हात ठेवायचा, तापलंय का बघायला. मग म्हणायचा, चला, सोडा. मी शिट्टी द्यायचो."

इतकी वर्षं मी दाराबाहेर केरसुणी घेऊन उभी होते, मला कुठून माहीत असणार.

दर फेरीला बोट वर करत होता. मी एकदाही थांबवली नाही.

२५ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेला. या वेळी नीट बघितलं. म्हणाला, डोळे चांगले आहेत, मेंदूचा मागचा भाग गेलाय, जानेवारीत तो दुसरा झटका असणार, असं असलं की बाहुल्या हलतात आणि दिसत मात्र नाही. परत येईल का विचारलं. डॉक्टर बॅग बंद करायला लागला.

२६ फेब्रुवारी

कुरकुर परत आणायची आहे.

स्पिरिट लावलं त्या बुचाला. पुसलं, परत लावलं. काडीला कापूस गुंडाळून आत फिरवला. चुलीपाशी धरून वाळवलं. लावलं तर मांजर. गार्डला फोन करून उपयोग नाही, ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या सुनेला सांगितलं. ती त्याला विचारून म्हणाली, ते पितळ तेल पितं, एकदा प्यायलं की सोडत नाही.

म्हाताऱ्याला विचारायला हवं होतं. पण हाही काय सांगणार? जन्मभर कुरकुर बंद करायला शिकला. सुरू कशी करायची ते कुणी शिकवलं नसेल त्याला.

उशाशी बसून मी तोंडानंच कुईं कुईं केलं. वेडी झाले मी. तरी त्यानं मान थोडी वळवली, मग ओळखलं असणार, ही बया आहे. परत भिंत.

१ मार्च

सकाळी बटणांचा डबा उपसला. तळाशी त्याच्या गिरणीच्या कोटाचं पितळी बटण सापडलं. कोट केव्हाच पायपुसणं होऊन गेला, बटण मी काढून ठेवलं होतं. मी काही टाकत नाही.

काजाचा जाड दोरा घेतला, बटण ओवलं, इंजिनाच्या मागे बांधलं. बटण रुळांखालच्या स्लीपरांवरून, त्या आडव्या पट्ट्यांवरून, ओढत गेलं पाहिजे एवढा दोरा ठेवला. गाडी लावली. टिकटिकटिकटिक. टेबलावर पाऊल टाकत कुणी येतंय असं.

पहिली फेरी काही नाही. बटण दोन स्लीपरांमध्ये अडकलं, दोरा आखूड केला. परत लावली.

म्हाताऱ्याची मान भिंतीपासून सुटली. हळूच. गाडी पलीकडे गेली, मान पलीकडे. वळून आली. मी खटक्यावर हात ठेवून उभी. उशीपाशी आली. बोट काही उठलं नाही. परत सोडली. परत आली. बोट हललं, उठलं नाही पूर्ण, पण हललं.

मी गाडी थांबवली.

त्याचा हात निघाला. वाट चुकला, टेबलाच्या कडेला लागला. मी धरून इंजिनावर ठेवला. तिथे राहिला. तोंडाची जी बाजू हलते ती हलली.

"तापलंय का हो?" मी विचारलं.

हूं, म्हणाला. खरंच म्हणाला.

मग पाव खाल्ला. वाटी पुसून.

३ मार्च, रविवार

गार्ड आला, शिट्टी घेऊन. मी आज बाहेर गेले नाही. खुर्ची घेऊन कोपऱ्यात बसले. गार्ड खटक्यावर. बोट वर, गाडी थांब. हात इंजिनावर. मग गार्ड त्याच्याऐवजी म्हणायचा, चला, सोडा, आणि शिट्टी द्यायचा. इतकी कर्कश की शेजारीण दारात आली. म्हटलं, "काही नाही बाई, स्टेशन आहे."

गार्ड जाताना म्हणाला, "वहिनी, गाडी उशिरा पोचली, पण पोचली."

मी म्हटलं, "उशिरा येणाऱ्या गाडीचं कौतुक करायला माणूस गार्डच पाहिजे."

८ मार्च

सूप नको. पाणी चमच्यानं. छातीत घरघर.

गाडी लावली. मान वळत नाही, पण गाडी जवळ आली की पापणी हलते. मी पापणीवर थांबवते. हात मीच नेऊन ठेवते.

दवाखान्यातली बाई म्हणाली, आजी, आता लिहिलं नाही तरी चालेल.

१२ मार्च

काल सकाळी गेले.

गाडी चालू होती. उशीपाशी आली, मी थांबवली, हात ठेवायला उचलला तेव्हा कळलं. तरी ठेवला. थोडा वेळ राहू दिला, मग लेकीला हाक मारली.

काही खाल्लं नाही. झोप लागली.

२४ मार्च, रविवार

लेक म्हणते, गाडी खोक्यात भरू, टेबल मोकळं कर, तुला शिवायला बरं. बरोबर आहे तिचं. पलंग दवाखान्यानं परत नेला. तिथे आता फरशीवर चार ठसे आहेत, घासले तरी जात नाहीत.

पण आज रविवार, आणि गार्डला कुणी येऊ नको म्हणून सांगितलं नव्हतं. तो आला. खुर्चीत बसला, ठशांकडे बघत. मी चहा ठेवला. म्हटलं, आवरायच्या आधी एकदा चालवा.

टेबलाशी, त्यांची उशी असायची तिथे मी स्टूल घेऊन बसले आणि डोळे मिटले. बघावं म्हटलं, कसं ऐकू येतं.

टिकटिकटिकटिक. लांब गेली. भिंतीशी वळली ते कळतं. मग आवाज मोठा होतो आणि गालावर वारा आल्यासारखं वाटतं, वारा नसतो. मी बोट वर केलं.

थांबली. गार्ड बघत होता माझ्याकडे, त्याला बघण्याशिवाय दुसरं येतंच काय.

हात ठेवला इंजिनावर. कोमट होतं, आजारी पोराच्या कपाळासारखं. तिथे किती वेळ ठेवायचा असतो ते कुणी सांगितलेलं नाही. मग म्हटलं, "चला, सोडा."

शिट्टी नाही. गाडी जागची हलेना. मी परत म्हटलं, जरा मोठ्यानं. तरी नाही.

मग लक्षात आलं, मी खिडकीकडे तोंड करून बसलेय. त्याला ओठ दिसल्याशिवाय कळणार नाही. ते तोंड मला त्याला दाखवायचं नव्हतं. पदरानं पुसून घ्यावं म्हटलं, पण पदर धरायचा हात इंजिनावर होता आणि तो मला उचलायचा नव्हता.

वळले. तशीच वळले.

"सोडा, भाऊजी."

गार्डनं शिट्टी दिली.